डबलबारी आणि कुलूपबंद स्वर

गावच्या सप्ताहातील डबलबारी भजनांच्या ज्या कॅसेटींच्या फितीला मालवणच्या खाऱ्या, दमट हवेने बुरशी धरली होती, त्या मी गेल्या पावसाळ्यात संगणकावर उतरविल्या, तेव्हा हे स्वर कोणत्या स्वरूपात जतन करावेत हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर जुन्या व्यापारी चुरशीत आहे. १९७९ साली वॉकमन आणणाऱ्या सोनीने आपल्या डिजिटल वॉकमनवर २००४ पर्यंत बहुतांशी स्वतःच्याच अॅट्रॅक स्वरूपाची सक्ती ठेवली. उलट अॅपलच्या आयपॉडने २००१ पासूनच एमपीथ्रीला मुक्तद्वार दिले, परंतु अॅपलने २००३ साली उघडलेल्या आपल्या ऑनलाइन दुकानातील गीतांना मात्र परक्या यंत्रावर न वाजण्याचे कुलूप घातले, जे २००९ साली निघाले. ग्राहकाने रोख मोल देऊन घेतलेल्या गाण्यावर विक्रेत्याचा असा अंमल मला सर्वथा अन्याय्य वाटतो.

असे कुलूप नसले, तरी एमपीथ्री मोठ्या नादाखाली झाकले जाणारे सूक्ष्म ध्वनी गाळते. फार दाबले की झांजांचा कल्लोळ पाण्यातून ऐकल्यासारखा येतो. म्हणून मूळ प्रत मी फ्लॅक या खुल्या, काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवली, आणि वाडीतल्या मंडळींच्या मोबाइलसाठी एमपीथ्री केली. फ्लॅकमध्ये गजर चढण्यापूर्वी पखवाजाच्या धुमेवर पडलेली हलकी थापही स्वच्छ ऐकू येते.