तीन रोडस्टर आणि एक गिऱ्हाईक

सकाळी ६. जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेणाऱ्यांसाठी त्या तपासून देणं हा लॉस एंजेलिसमधला माझा धंदा. आजचं गिऱ्हाईक म्हणजे मूळचे पुण्याचे एक निवृत्त इंजिनिअर काका. त्यांना दोन सीटची, टप उघडणारी गाडी हवी आहे आणि पसंतीला तीन आहेत: २०१६ची माझदा एमएक्स-५, २००० सालची होंडा एस२००० आणि त्याच सालची पोर्शे बॉक्स्टर एस. तिन्ही मालकांना कालच निरोप दिलाय, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. तापलेलं इंजिन बरंच काही लपवतं.

८. ग्लेनडेल, एमएक्स-५. बोनेटला हात लावला, गार. टपावरून ओघळलेलं पावसाचं पाणी सीटमागच्या भोकांतून खाली जातं. ती पालापाचोळ्याने तुंबली की पाणी आत साठतं आणि पत्रा आतून गंजतो. बारीक नळी घालून पाहिली, मोकळी आहेत. टायरच्या कडेवर १६१७ हा आकडा, म्हणजे २०१७चा सोळावा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबर कडक झालेलं. कमी चाललेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

१०. पॅसाडिना, बॉक्स्टर. पुढचं झाकण उघडलं तर डिकी, मागचं उघडलं तर तिथेही डिकी. इंजिन दोन्हींच्या मध्ये, सीटमागे. म्हणून इथे कागदपत्रांपासून सुरुवात. या इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगची चिंता जगजाहीर आहे. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, तेव्हाच ते बदलून घेतात. तशी पावती फायलीत दिसत नाही. मालकाच्या परवानगीने ऑइल फिल्टर काढला आणि त्याच्या घड्या एकेक करून उलगडल्या. चकाकणारा एकही कण नाही.

काका म्हणाले, "अरे, नवी असताना ५० हजार डॉलरची गाडी, आता तिसऱ्या हिश्श्यात मिळतेय. सोडायची कशी?"

"काका, गाडीची किंमत उतरली, दुरुस्तीची नाही. पार्ट अजून ५० हजारांच्या गाडीचेच आहेत."

१२. एस२०००ची तपासणी लवकर उरकली. रंगाची जाडी मोजली, सगळीकडे सारखी. मागची काच अजून मूळची प्लास्टिकची.

दुपारी २. तिन्ही मालकांना गाड्यांसह ला कॅन्याडाला बोलावलंय. इथून एंजेलिस क्रेस्टचा घाट चढायला लागतो. गाडीत दोघांचीच जागा, म्हणून मालकाला शेजारी घेऊन आधी मी चालवतो, मग काका.

कागदावर माझदा दुबळी: १५५ हॉर्सपॉवर. होंडाचे २४०, पोर्शेचे २५०. पण माझदाचं वजन सुमारे १,०६० किलो आणि बाकी दोघी तिच्याहून दोनशे किलोंनी जड. त्यामुळे ताशी ६० मैलांचा वेग गाठायला तिघींनाही साडेपाच ते सहा सेकंदच लागतात. माझदाचा सगळ्यात जास्त टॉर्क, सुमारे २०० न्यूटन मीटर, ४,६०० आरपीएमलाच हाताशी येतो. होंडाचा जेमतेम तेवढाच, पण ७,५०० आरपीएमला. घाटातल्या वळणातून बाहेर पडताना हा फरक पाठीला कळतो.

मात्र होंडा ६,०००च्या आसपास गेली की कॅमशाफ्टचे मोठे लोब कामाला लागतात, व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि आवाजच पालटतो. सुई ९,०००कडे धावते. रस्त्यावरच्या गाडीत याहून चांगलं इंजिन मी चालवलेलं नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये तिथपर्यंत पोचेस्तोवर वेगमर्यादा मागे पडलेली असते. वळणात सगळ्यात ठाम बॉक्स्टर. मध्यावर वजन असलेली गाडी फुटक्या डांबरावरही बिचकत नाही.

खाली आल्यावर काकांनी माझदाचा टप बसल्या जागेवरून, एका हाताने मागे टाकला. पुन्हा लावला. पुन्हा टाकला.

संध्याकाळी ७. अहवाल. एमएक्स-५ घ्या, चार टायरचे पैसे किमतीतून वळते करा. तिच्यातलं जे आहे ते रोज वापरता येतं, आणि १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आलेल्या पहिल्या एमएक्स-५पासून या गाडीचा जीव त्यातच आहे. बॉक्स्टर घ्यायची तर बेअरिंगच्या कामाचे पैसे आधीच बाजूला काढा.

रात्री ९. काकांचा फोन. "होंडा पुढच्या वर्षी स्वस्त होईल का रे?"

"नाही हो, काका. २००० साली नवी ३२ हजारांना होती, आज मालक जवळपास तेवढेच मागतोय. २००९मध्ये ती बंद झाली आणि होंडाने तिच्या जागी दुसरी आणली नाही. चांगल्या राखलेल्या गाड्या कमीच होत जाणार. तिच्यासाठी थांबू नका."