जनरेटरचा गव्हर्नर आणि कारीगराची मजुरी

मालेगाव-भिवंडीकडच्या अनेक लूम कारखान्यांत एका कोपऱ्यात जुना डिझेल जनरेटर उभा असतो. वीज गेली की त्याची आठवण होते आणि वीज आली की विसर पडतो. आमचेही तसेच होते. या विसराची किंमत २००७ साली आमच्या एका कारीगराने मोजली. म्हणून तो तजुर्बा व्यापारी व कारखानदार बंधूंपुढे ठेवीत आहोत.

आमचा मूळ धंदा ग्रे कापडाचा; जोडीला घरचे २४ साधे लूम. ते भारनियमनाचे दिवस होते. बारा तासांच्या पाळीतले सुमारे सहा तास सेकंड हँड घेतलेल्या जनरेटरवर निघत. सहा लूम सांभाळणाऱ्या एका जुन्या कारीगराचे कापड कमी भरू लागले. धोटा मध्येच अडकायचा, ताण्याचे तार तुटायचे आणि ते जोडण्यात वेळ जायचा. आम्ही पॅनेलवर पाहिले तर व्होल्टमीटर ४१५ दाखवीत होता. करंट पूर्ण आहे, म्हणजे कसूर माणसाची, असे आम्ही ठरवून टाकले. ते म्हणाले, ''सेठ, जनरेटरवर लूम जड चालतो.'' आम्ही ऐकले नाही. मजुरी मीटरवर असल्याने ती आधीच घटली होती. वर खराब मालाची कपातही केली.

पंधरा दिवसांनी एक मिस्त्री दुसऱ्याच कामासाठी आले. त्यांनी सहज जनरेटरच्या शाफ्टला टॅकोमीटर लावला. आकडा आला १३८०. पाहिजे होता १५००.

हिशेब असा आहे

चार पोलचा जनरेटर मिनिटाला १५०० फेरे फिरला की ५० सायकलची वीज देतो. १३८० फेऱ्यांना ती ४६ सायकल होते. लूमची मोटर सायकलवर चालते, म्हणून ती आठ टक्के मंदावते. मिनिटाला १५० पिक मारणारा लूम १३८ वर येतो. बारा पिक दर मिनिटाला गेले, तर सहा तासांत ४३२० पिक गेले. इंचाला ५२ पिकचे कापड धरले तर एका लूममागे ८३ इंच, म्हणजे दोन मीटरहून जास्त. सहा लूमचे साडेबारा मीटर, आणि तेही रोज. तार तुटून लूम बंद राहिला ते वेगळेच.

धोट्याला बसणारा धक्का तर वेगापेक्षाही झपाट्याने कमी होतो. वेग आठ टक्के घटला की धक्क्याचा जोर सुमारे पंधरा टक्के घटतो. मग धोटा वेळेवर पलीकडच्या पेटीत पोहोचत नाही आणि ताण्यात सापडतो.

मग व्होल्टमीटर खोटे बोलत होता काय? नाही. जनरेटरवरचा एव्हीआर व्होल्टेज सांभाळतो, फेरे सांभाळत नाही. इंजिन मंद झाले तरी अनेक सेटवर व्होल्टेज बराच वेळ पूर्ण दिसते. उलट, कमी सायकलवर पूर्ण व्होल्टेज मिळाले की मोटर जास्त तापते. फेरे सांभाळण्याचे काम इंजिनच्या गव्हर्नरचे आहे.

गव्हर्नर काय करतो

ही युक्ती जुनी आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ साली फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर वाफेच्या इंजिनाला लावला. पुढे कापड गिरण्यांनाही असाच एकसारखा वेग हवा होता. डिझेल इंजिनातही तत्त्व तेच. फेरे वाढले की वजने बाहेर फेकली जातात आणि पंपाचे डिझेल कमी करतात. फेरे घटले की स्प्रिंग त्यांना आत ढकलते आणि डिझेल वाढते. थ्रॉटलचा दांडा या स्प्रिंगवर किती ताण ठेवायचा ते ठरवतो. म्हणून लूम वाढले तरी थ्रॉटलला हात लावायचा नसतो. ते काम गव्हर्नर स्वतः करतो.

आमच्या सेटवर थ्रॉटलच्या स्क्रूचा लॉकनट हादऱ्याने ढिला होऊन स्क्रू मागे सरकला होता. दांड्याची पिनही झिजली होती. बिघाड एवढाच होता.

जमवण्याची रीत

आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात, पण जमवणी लोडवर पाहावी लागते. म्हणून शुक्रवारी साफसफाई करावी आणि दुसऱ्या दिवशी पाळीपूर्वी जमवणी करावी.

१) इंजिन बंद असताना एअर फिल्टर व डिझेल फिल्टर पाहावेत. थ्रॉटलचा दांडा हाताने हलवावा. तो अडकता कामा नये आणि पिनमध्ये खुळखुळताही कामा नये. बंद करण्याचा लिव्हर पूर्ण सरकतो याची खात्री आधी करावी.

२) इंजिन पंधरा मिनिटे चालवून गरम होऊ द्यावे. थंड इंजिनावर केलेली जमवणी टिकत नाही.

३) लोड नसताना लॉकनट सैल करून स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा आणि प्रत्येक वेळी फ्रिक्वेन्सी मीटर पाहावा. बिनलोड ५२ सायकल, म्हणजे १५६० फेरे, ठेवावेत.

४) आता लूम चार-चार करून सुरू करावेत. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून सगळे एकदम सुरू करू नयेत. पूर्ण लोडवर मीटर ५० च्या आसपास थांबला की जमवणी बरोबर आहे. लॉकनट घट्ट करून तारेचे सील लावावे.

५) पूर्ण लोडवर मीटर ४८ च्या खाली गेला आणि धूर काळा आला, तर दोष बहुधा स्क्रूचा नाही. लोड जास्त आहे, किंवा फिल्टर, इंजेक्टर, पंप यांत खोट आहे. इंजिन एकसारखे वर-खाली घुमत असेल, तर अडकलेला दांडा, झिजलेली पिन किंवा डिझेलमधील हवा आधी तपासावी.

हे करू नये

स्प्रिंग तुटली तर तार बांधून किंवा कापून लहान करून चालवू नये. पंपावरील जास्तीत जास्त डिझेलचा सीलबंद स्क्रू स्वतः उघडू नये. ते पंप टेस्टिंगवाल्याचे काम आहे. दांडा बांधून ठेवला आणि अचानक अर्धे लूम बंद पडले, तर लोड उतरताच इंजिन सुसाट पळते. मग मोटरी, ट्यूब आणि जवळ उभा असलेला माणूस, सगळेच धोक्यात येतात. जमवणी करताना लुंगीचा सोगा किंवा गळ्यातला रुमाल पंख्याजवळ येऊ देऊ नये.

आता विजेची स्थिती तेव्हासारखी नाही, तरी जनरेटर कारखान्यातून गेलेला नाही. क्वचित चालणारे यंत्र तर जास्तच बिघडते. व्होल्टमीटरशेजारी एक फ्रिक्वेन्सी मीटर बसवावा आणि प्रत्येक वेळी जनरेटर सुरू झाला की त्याचा आकडा वहीत लिहावा. ती वही कारीगरालाही पाहता आली पाहिजे.

त्या पंधरा दिवसांची कपात आम्ही परत केली, आणि कमी भरलेल्या मीटरची मजुरीही हिशेब करून दिली. पैसे हातात घेताना ते कारीगर इतकेच म्हणाले, ''सेठ, मी तर पहिल्याच दिवशी सांगितले होते.'' आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आमच्या कारखान्यात कापड कमी भरले तर आधी यंत्राचे माप घेतले जाते आणि मग माणसाला विचारले जाते.