एक संकेतस्थळ, एक फाइल

वेबपानावरून लेखाचा मजकूर तेवढा उचलायचा आणि मेनू, जाहिराती, ‘हेही वाचा’ मागे ठेवायचे, हे काम एरवी सॉफ्टवेअरच्या अंदाजावर चालते. अंदाज फसतो तिथे त्या संकेतस्थळापुरता लेखी नियम लागतो. अशा नियमांचा एक मोठा खुला साठा फाइव्हफिल्टर्स प्रकल्पाने गिटहबवर ठेवला आहे. नियमांची धाटणी मार्को आरमेंट यांनी घडवलेल्या इन्स्टापेपर या ‘नंतर वाचू’ सेवेवरून आलेली. तशीच पाने साठवणारे वॉलाबॅगही याच जातीच्या फाइलींवर चालते. एक संकेतस्थळ, एक फाइल. आणि फाइली हजाराच्या वर.

फाइल म्हणजे साधा मजकूर. शीर्षक, लेखक, तारीख कुठे सापडेल, याच्या ओळी एक्सपाथ या पानातला नेमका भाग दाखवणाऱ्या भाषेत लिहितात. लेखाचा मजकूर कुठे आहे ते सांगणाऱ्या ‘बॉडी’च्या ओळी कितीही देता येतात, क्रमाने तपासल्या जातात आणि पहिली जुळली की शोध थांबतो. नको तो भाग काढणाऱ्या ‘स्ट्रिप’च्या ओळी मात्र सगळ्याच लागू होतात. संकेतस्थळाची मांडणी बदलली की नवी ‘बॉडी’ वर चढते. जुनी खाली तशीच राहते, कारण एखादे जुने पान अजून तिच्यावर तगून असेल, ही धास्ती. ती काढायला सहसा कोणी धजत नाही.

घात होतो तो लहान ओळींत. पानाच्या कोडमध्ये भागांना दिलेल्या आयडी किंवा क्लासच्या नावावरून ते वगळणारी एक आज्ञा आहे. ती पूर्ण नाव जुळवत नाही, नावात तेवढी अक्षरे आली तरी तिला पुरते. जाहिराती काढायला कोणी ‘ए-डी’ ही दोन अक्षरे दिली, तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीच अक्षरे असलेले ‘हेडर’, ‘हेडलाइन’ आणि ‘लीड’ही उडतात. जाहिरातीबरोबर बातमीचा पहिला परिच्छेदही गेला! हल्ली अनेक ठिकाणी क्लासची नावे यंत्रच पाडते आणि ती पुढच्या बांधणीत बदलूही शकतात. त्यांच्या भरवशावर लिहिलेला नियम अल्पायुषी. त्यापेक्षा ‘आर्टिकलबॉडी’सारखी, मजकुराचा अर्थ सांगणारी खूण टिकते.

नियम मेला तरी बोंब होत नाही, हे या कामाचे खरे दुखणे. एकही ‘बॉडी’ जुळली नाही की यंत्रणा मुकाट्याने पुन्हा अंदाजावर येते आणि काहीतरी मजकूर पुढे सरकवते. वाचणाऱ्याला अर्धा लेख मिळतो आणि तो अर्धा आहे हे कळतही नाही.

म्हणून फाइलीतली सर्वांत मोलाची ओळ ‘टेस्ट यूआरएल’ची: नियम ज्या पानावर तपासायचा त्याचा पत्ता. त्याखाली त्या पानातले एखादे वाक्यही देता येते. ते निघालेल्या मजकुरात सापडले नाही, तर नियम मोडला हे यंत्रालाच कळते. एक्सपाथ कितीही देखणा असो, हजार फाइली हाताने उघडून बघणे कोणाच्याही आवाक्यातले नाही. चाचणीचा पत्ता नसलेली फाइल साठ्यात घेऊच नये.