आधी तिथी, मग तिकीट

जामनगरजवळच्या नरारा बेटावर जायचं तर शनिवार-रविवार मोकळा असून भागत नाही, तिथीही जुळावी लागते. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ साली जाहीर झालं. देशातलं हे पहिलंच सागरी राष्ट्रीय उद्यान. एरवी प्रवाळ पाहायला पाण्यात बुडी मारावी लागते. इथे मात्र सुकतीला समुद्र मागे हटतो आणि प्रवाळांमधून घोटाभर पाण्यात चालत जाता येतं. तो किती हटणार, हे ठरतं चंद्र-सूर्यावर.

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्याचा भरतीवरचा प्रभाव चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असला, तरी त्या दिवशी तो चंद्राच्या जोडीने काम करतो आणि उधाण येतं. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं, तेवढंच खोल उतरतंही. अष्टमीला दोघं काटकोनात असतात. तेव्हा येते ती भांगाची भरती. तिची सुकतीही अर्धवट, प्रवाळ धड उघडे पडत नाहीत. त्यात कच्छचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत गेलेलं. मुखाशी, ओख्याला, उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक साधारण तीन-साडेतीन मीटर असतो. तेच पाणी आत नवलखीपर्यंत पोचताना दाटत जातं आणि फरक सात मीटरच्या घरात जातो.

मग पौर्णिमा गाठायची का? इथे कोकणातला जुना हिशेब कामी येतो. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढे तास दुपारी बारात मिळवायचे. मुंबईकडची भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते. पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे सुकती सकाळी सहाच्या सुमारास, थंडीत अंधारातच. तृतीयेला भरती सव्वादोनला, सुकती आठला. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतो, त्यामुळे द्वितीया-तृतीयेला पाणी भरपूर उतरतं आणि तेही उजेडी. भरतीची लाट आखाताच्या तोंडातून आत सरकत जाते. त्यामुळे आतल्या ठिकाणांच्या वेळा आणखी पुढे जातात. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची कोष्टकं असतात. वनखात्याचा परवाना काढताना तिथे ती विचारूनच घ्यावी.

उघड्या पडलेल्या या पट्ट्यावरचं जगणं फार कठीण. दिवसातून दोनदा पाणी जातं, वर ऊन तापतं, आखातात गाळही पुष्कळ. प्रवाळांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्यांना अन्न पुरवतात, पण त्यासाठी त्यांना प्रकाश लागतो, आणि गढूळ पाण्यात त्याचीच टंचाई. तरीही ते इथे टिकून आहेत. उघडे पडले की अंगावर चिकट स्रावाचा थर ओढून घेतात. डबक्यांत समुद्रफुलं, ठिसूळ तारे, समुद्रकाकड्या, खेकडे दिसतात. नशीब असेल तर ऑक्टोपसही. तो रंग बदलत खडकात मिसळतो, त्यामुळे दिसला तरी दिसल्याची खात्री पटायला वेळ लागतो!

फुगा मासा मात्र हातात धरून फुगवून दाखवू नका, असं वाटाड्याला आधीच सांगावं. संकटात तो पाणी गिळून फुगतो. पाण्याबाहेर त्याच्या पोटात हवा जाते आणि ती बाहेर काढणं त्याला जड जातं. बघणारे टाळ्या वाजवतात, पण ती घाबरगुंडी आहे, करमणूक नव्हे. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात घालायचा नाही.

आता वेळापत्रक. मुंबईहून शुक्रवारी रात्री सौराष्ट्र मेल धरली की शनिवारी जामनगर. जवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य शनिवारच्या संध्याकाळसाठी उत्तम. तिथे मातीच्या बांधाच्या एका अंगाला गोडं पाणी आहे, दुसऱ्या अंगाला खारट दलदल. बदकं आणि किनारपक्षी एकाच जागेवरून दिसतात. २०२२ मध्ये हे ठिकाण रामसर यादीत आलं. रविवारी पहाटे नरारा, अंतर साठेक किलोमीटर. वाटेत तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या दिसतात. देशात येणाऱ्या खनिज तेलाचा मोठा वाटा याच आखातातून उतरतो. इतक्या नाजूक जागेला इतका जोखमीचा शेजार, हे काही मनाला पटत नाही.

पायात घट्ट बसणारे जुने बूट हवेत, चपला गाळात राहतात. वाळूवर किंवा मोकळ्या खडकावरच पाऊल टाकायचं. आणि सुकतीच्या तळाची वेळ ही पोचायची नव्हे, मागे वळायची वेळ धरावी. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं. सपाट पट्ट्यावर हातभर चढलेलं पाणीसुद्धा फार मोठी जागा व्यापतं, आणि ते नेहमी समोरूनच येतं असं नाही; मागच्या सखल भागातून आधी भरतं. म्हणून वाटाड्या 'चला' म्हणाला की ऑक्टोपस अर्धा बिळाबाहेर असला तरी निघायचं.