रडारचे चित्र आणि त्यामागची गाळणी
पावसाळ्यात मुंबईतल्या कुलाब्याच्या किंवा वेरावलीच्या डॉप्लर रडारचे रंगीत चित्र मोबाइलवर येते आणि आपण ते ढगांच्या फोटोसारखे पाहतो. अँटेनाकडे मात्र परत आलेला असतो तो केवळ क्षीण प्रतिध्वनी. त्यातले काय पाऊस म्हणून ठेवायचे आणि काय गाळायचे, हे सिग्नल प्रोसेसरमधल्या सेटिंगवर ठरते. हे सेटिंग यंत्र बसवताना एकदा करून विसरण्याची बाब नाही. तो हवामानशास्त्राचाच निर्णय आहे, आणि त्याची नोंद प्रत्येक चित्रासोबत असायला हवी.

सेकंदाला रेडिओलहरींचे किती स्पंद सोडायचे, इथपासूनच ओढाताण सुरू होते. हजार सोडले, तर १५० किलोमीटरपलीकडच्या ढगाचा प्रतिध्वनी पुढच्या स्पंदाच्या खात्यात जमा होतो आणि पाऊस भलत्याच जागी दिसतो. पल्ला वाढवायला स्पंद कमी केले, की वाऱ्याचा वेग मोजण्याची मर्यादा खाली येते. कुलाब्याच्या एस बँड रडारची तरंगलांबी सुमारे १० सेंटिमीटर. हजार स्पंदांना तिथे मर्यादा येते सेकंदाला २५ मीटर, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. रडारकडे ताशी १०८ किलोमीटरने येणारा वारा मग ताशी ७२ किलोमीटरने दूर जाताना दिसतो. वेरावलीच्या सी बँडची तरंगलांबी जवळपास निम्मी, म्हणून मर्यादाही निम्मी. १००० आणि ७५० असे दोन दर आलटून पालटून वापरले, तर ही मर्यादा तिप्पट होते. पण वारा जिथे एकदम बदलतो, तिथेच हे गणित चुकू शकते.

त्याहून नाजूक प्रश्न गाळणीचा. डोंगर आणि इमारती हलत नाहीत, म्हणून शून्य वेगाभोवतीचा प्रतिध्वनी कापायचा ही जुनी रीत. पण रडारच्या झोताला काटकोनात सरकणाऱ्या पावसाचा झोताच्या दिशेतला वेगही शून्यच असतो, आणि खरा पाऊस पुसला जातो. सिजिया आणि पासारेली यांनी २००४ मध्ये मांडलेली जीमॅप पद्धत वेगांच्या उरलेल्या वर्णपटावर घंटाकार वक्र बसवून ती खाच भरून काढते. दुसरी गाळणी एसक्यूआयच्या उंबरठ्याची: प्रतिध्वनी किती सुसंगत आहे ते ० ते १ या मापात पाहायचे आणि ठरलेल्या आकड्याखालचा डेटा टाकून द्यायचा. उंबरठा चढवला की चित्र स्वच्छ होते. मात्र वादळाच्या पोटात हवा घुसळते तिथे सुसंगती कमीच असते. म्हणजे सर्वांत धोक्याची जागाच रिकामी दिसू शकते. स्वच्छ चित्राचा हा मोह मला घातक वाटतो.

प्रोसेसर आता स्वतःच गाळणी जुळवून घेतात, मग माणसाने त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. पण जमिनीच्या प्रतिध्वनीची रुंदी किती धरायची, हे जीमॅपलाही आधी सांगावे लागते, आणि ती अँटेना फिरण्याच्या वेगाप्रमाणे बदलते. सेटिंग सतत बदलले तर वर्षावर्षांच्या नोंदींची तुलना कशी करायची, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. म्हणूनच बदल मोसमाच्या आधी, कारण आणि तारीख लिहून व्हावेत. आणि मोठ्या वादळांचे गाळणीपूर्वीचे कच्चे सिग्नल साठवावेत, म्हणजे वेगळा उंबरठा लावून तेच वादळ पुन्हा तपासता येईल.