विश्लेषण : भाड्याच्या घरात ‘स्मार्ट’ उपकरणे… दिव्यांग, ज्येष्ठांसाठी निवड कशी करावी?

शिरूर-चौफुला रस्त्यावरील न्हावरे हे घोडगंगा सहकारी साखर कारखान्याचे गाव. याच तालुक्यात रांजणगाव औद्योगिक वसाहत आहे. तिथे एलजी, व्हर्लपूल, हायर अशा कंपन्या फ्रिज, टीव्हीसारखी घरगुती उपकरणे बनवतात. कामानिमित्त आलेली कुटुंबे अशा भागात एक-दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात. कमावती माणसे पाळीवर गेली, की घरातील ज्येष्ठ किंवा दिव्यांग व्यक्तीला आठ-दहा तास एकटीने काढावे लागतात. दिवा लावणे, पंखा बंद करणे, दारात कोण आले ते पाहणे यासाठी तिने दर वेळी शेजाऱ्यांना हाक मारायची का? आवाजावर किंवा मोबाइलवर चालणारी उपकरणे यावर उपाय ठरू शकतात. मात्र घर दुसऱ्याचे असल्याने निवड जपून करावी लागते.

सुरुवात कशापासून करावी?

दुकानापासून नव्हे, अडचणीपासून. व्हीलचेअरवरून उंचावरच्या बोर्डाला हात पोहोचत नाही, रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना अंधारात पडण्याची भीती वाटते, बेल ऐकू येत नाही, अशी यादी त्या व्यक्तीलाच विचारून करावी. यातील काही अडचणी इंटरनेटशिवायच सुटतात. हालचाल टिपून आपोआप लागणारा बॅटरीचा दिवा पलंगाजवळ चिकटवला, तर वायफाय, अ‍ॅप, खाते यांतले काहीच लागत नाही.

उपकरणे एकमेकांशी जुळतात का?

एका कंपनीचा बल्ब, दुसरीचा प्लग आणि तिसरीचा स्पीकर घेतला, की मोबाइलवर तीन अ‍ॅप येतात. ज्याला एक बटण दाबणेही कठीण, त्याच्यासाठी हा नवाच अडथळा ठरतो. त्यामुळे आधी अलेक्सा, गुगल होम किंवा अ‍ॅपल होम यांपैकी एक व्यवस्था ठरवावी आणि खोक्यावर तिचे नाव असलेलीच उपकरणे घ्यावीत. ‘मॅटर’ हे समान मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. त्याचे चिन्ह असलेले उपकरण या तिन्ही व्यवस्थांत जोडता येते. पंख्यांचा समावेश त्यात ऑक्टोबर २०२३ मधील १.२ आवृत्तीपासून झाला. मात्र मॅटरसाठी घरात ते चालवणारा स्पीकर किंवा हब असावा लागतो. स्वस्त बल्ब आणि प्लग बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. त्यामुळे राउटरवर तो पट्टा सुरू आहे का, हेही पाहावे.

मराठीत बोललेले कळते का?

फोनवरील गुगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी येते. अलेक्साच्या स्पीकरशी मात्र हिंदी किंवा इंग्रजीत बोलावे लागते. आजींना ती वाक्ये जमतात का, हे खरेदीआधी कुणाच्या तरी घरी करून पाहावे. पक्षाघातानंतर उच्चार अस्पष्ट झाले असतील, तर केवळ आवाजावर विसंबू नये. उशाशी ठेवता येईल असे मोठे वायरलेस बटण अशा वेळी अधिक कामाचे. दृष्टिहीन व्यक्तीसाठी कंपनीचे अ‍ॅप फोनवरील ‘टॉकबॅक’ किंवा ‘व्हॉइसओव्हर’ सुरू करून तपासावे. प्रत्येक बटणाचे नाव वाचून दाखवले जात नसेल, तर ते उपकरण तिच्या उपयोगाचे नाही.

भिंत न फोडता काय बसवता येते?

स्मार्ट बल्ब सर्वांत सोपा. आपल्याकडे खटक्याचे बी-२२ आणि आट्याचे ई-२७ असे दोन होल्डर आढळतात. घरातील होल्डर पाहूनच बल्ब घ्यावा. भिंतीवरचे बटण कुणी बंद केले, तर आवाज देऊनही हा बल्ब लागत नाही. म्हणून त्या बटणावर चिकटपट्टी लावून ते सुरूच ठेवावे. टेबल फॅन किंवा दिव्यासाठी स्मार्ट प्लग पुरतो. छताच्या पंख्याला तो जोडता येत नाही. त्यासाठी रिमोटवर चालणारा पंखा घ्यावा. घर सोडताना तो काढून नेता येतो, मात्र जुना पंखा जपून ठेवावा. पंख्याचा रिमोट इन्फ्रारेड असेल, तरच टीव्ही-एसीसाठी वापरला जाणारा ‘आयआर ब्लास्टर’ त्यावर चालतो. रेडिओ लहरींवर चालणाऱ्या रिमोटला तो उपयोगी पडत नाही.

गीझरलाही हाच प्लग चालतो का?

नाही. २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. ६ अँपिअरचा प्लग त्यासाठी धोक्याचा आणि १० अँपिअरचा काठावरचा. गीझरला १६ अँपिअरचाच प्लग घ्यावा आणि मुळात भिंतीवरचा सॉकेट व त्यामागची वायर तेवढ्या क्षमतेची आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. पाणी तापवायचा रॉड दुरून कधीच सुरू करू नये. तो बादलीबाहेर असू शकतो किंवा त्याच वेळी पाण्यात कुणाचा हात असू शकतो.

वीज किंवा इंटरनेट गेले तर?

बहुतेक स्पीकर इंटरनेटशिवाय हुकूम पाळत नाहीत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालवले, तर तो फोन कामावर गेला की घर मुके होते. घरात स्वतंत्र जोडणी हवी आणि राउटरला छोटा यूपीएस. वीज परत आल्यावर बल्ब आपोआप लागावा की बंद राहावा, हे अ‍ॅपमध्ये ठरवून ठेवावे. संकटाच्या वेळी मदतीसाठी स्पीकरवर भिस्त ठेवू नये. ११२ हा क्रमांक लावता येईल असा साधा फोन कायम हाताशी हवा.

ऐकू न येणाऱ्यांसाठी काय?

काही सोयी फोनमध्ये आधीच असतात. दाराची बेल, बाळाचे रडणे, धुराचा भोंगा ओळखून कंपनाने किंवा प्रकाशाने इशारा देण्याची सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत २०२० मध्ये आली. नवी खरेदी करण्याआधी ती सुरू करून पाहावी. प्रकाश चमकवणारी वायरलेस बेलही मिळते.

घरमालकाची परवानगी लागते का?

बल्ब, प्लग, स्पीकर या भाडेकरूच्या वस्तू आहेत. बोर्डातील वायरिंगला हात लावणे, दाराला भोक पाडून स्मार्ट कुलूप बसवणे यासाठी मात्र लेखी संमती घ्यावी. कडी-कोयंड्याच्या दाराला अशी बरीचशी कुलपे बसतही नाहीत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील कलम १०८ नुसार भाडेपट्ट्याने राहणारा आपण जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेऊ शकतो, पण जागा मिळाली तशी परत करणे बंधनकारक असते. अकरा महिन्यांचे करार बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यामुळे काय बसवले, कोण काढणार, हे करारातच लिहून घेतले, तर अनामत रकमेवरून वाद होत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे. सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंना सरकारने चालना द्यावी, असेही तो सांगतो.

खाते कुणाच्या नावावर असावे?

शक्यतो जी व्यक्ती ही उपकरणे वापरते, तिच्या. मुलगा किंवा पुतण्या जोड-सदस्य म्हणून राहू शकतो. अन्यथा त्याने फोन बदलला, की आईचा दिवा बंद पडतो. घरात कॅमेरा लावायचा असेल, तर तो कोण आणि कधी पाहणार, हे तिला सांगून तिची संमती घ्यावी. घर सोडताना प्रत्येक उपकरण खात्यातून काढून मूळ स्थितीत आणावे आणि जुने बल्ब, जुनी बटणे जागेवर बसवावीत. सगळे एकदम घेण्यापेक्षा आधी एक बल्ब आणि एक प्लग घेऊन महिनाभर वापरून पाहावे. त्या व्यक्तीला ते कुणाच्या मदतीशिवाय जमले, तरच पुढची खरेदी करावी.