शितावरून भाताची परीक्षा केव्हा खरी ठरते?

शितावरून भाताची परीक्षा करावी, ही म्हण सर्वश्रुत आहे. ती खरी ठरते याचे कारण, हंडीतील भात सर्वत्र सारखा शिजलेला असतो. शिवाराचे तसे नाही. आमच्या कर्जत भागात नदीकाठचे खाचर निराळे, डोंगरउताराचे निराळे. एकाच खाचरात बांधालगतचे रोप व मधले रोप सारखे नसते. मग शिवाराची परीक्षा कोणत्या शिताने करावी?

महसूल खात्यात आम्ही पुष्कळ वर्षे कारकुनी केली. जुन्या आणेवारीत नजरेच्या अंदाजावर फार भिस्त असे. आज तिला पैसेवारी म्हणतात, व ती ५० पैशांखाली गेल्यास टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. परंतु नजर कितीही अनुभवी असली तरी ती वाटेलगतच्या शेतावर आधी पडते. सवलत मागणारा आडवे पडलेले पीक दाखवितो, तर कामगिरी मिरविणारा भरघोस पीक दाखवितो. दोघेही खोटे बोलत नाहीत. तथापि दोन्ही नमुने खोटे ठरतात.

यावर उपाय म्हणजे निवड माणसाच्या इच्छेवर न ठेवणे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीक कापणी प्रयोगांस संख्याशास्त्राचा भक्कम पाया दिला. कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास कडेची रोपे आत ओढली जाऊन उत्पन्न फुगते, हेही त्यांनी दाखविले. या पद्धतीत गाव, शेत व शेतातील तुकडा, तिन्ही चिठ्ठीसारख्या यदृच्छेने निघालेल्या अंकांवरून ठरतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून तितकी पावले मोजावयाची आणि तेथेच आखणी करावयाची. मग तेथे पीक दाट असो वा विरळ.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली. तीत कापणी प्रयोगांतून निघालेले मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहतात. म्हणून कोणी आग्रहाने तुकडा चांगल्या पिकात सरकविला, तर सरासरी चढते आणि खऱ्या नुकसानीची भरपाई बुडते. वाईट पिकात सरकविला, तर आकड्यावरचा विश्वासच उडतो. एकाचा हट्ट सबंध मंडळास भोवतो.

हाच न्याय बियाण्याच्या परीक्षेसही लागू आहे. नवे भात घराजवळच्या खतावलेल्या खाचरात व जुने लांबच्या खाचरात लावले, तर वाढलेले उत्पन्न बियाण्याचे की खताचे, हे कोण सांगणार? ज्या १९१९ साली कर्जतचे भात संशोधन केंद्र स्थापन झाले, त्याच साली इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर रुजू झाले. त्यांनी घालून दिलेले नियम तीन: प्रयोग अनेक वेळा करावा, सारख्या जमिनीत जोड्या लावाव्या, व कोणते बियाणे कोठे हे चिठ्ठीने ठरवावे.

समजा, चार खाचरे घेऊन प्रत्येकाचे दोन सारखे भाग केले. नव्या बियाण्याने गुंठ्यास अनुक्रमे ३, २ व ४ किलो अधिक आणि एका ठिकाणी १ किलो कमी दिले. सरासरी वाढ २ किलो. दुसऱ्या एका बियाण्याने ९ व ८ अधिक, ६ व ३ कमी दिले. याचीही सरासरी २ किलोच. परंतु पहिल्यावर थोडी भिस्त ठेवता येईल, दुसऱ्यावर मुळीच नाही. नुसती सरासरी ऐकून बियाणे घेऊ नये. आकडे किती विखुरले आहेत, हे विचारावे. शंका राहिल्यास खाचरे वाढवावी. मात्र चूक निम्मी करण्यास प्रयोग दुप्पट नव्हे, चौपट करावे लागतात, हे ध्यानी असावे.

आमच्या वाचक बंधूंस एवढीच विनंती आहे की, आपल्या शेतावर कापणी प्रयोग निघाल्यास स्वतः हजर राहावे, अंकाप्रमाणे पावले मोजली जातात की नाही ते पाहावे, आणि समोर झालेले वजन आपल्या वहीत टिपून ठेवावे. तुकडा सरकवा, असे मात्र कोणीही सांगू नये व कोणाचे ऐकूही नये.